मोटरसायकलवरील जीपीएसचा वीजपुरवठा वारंवार तुटत असेल तर : लक्षणे आणि तपासणीचा क्रम

हँडलवर बसवलेले जीपीएस यंत्र मध्येच बंद पडते, आपोआप पुन्हा सुरू होते, किंवा दिवसभर वायरला जोडलेले असूनही संध्याकाळपर्यंत त्याची बॅटरी संपते, ही तक्रार धुळ्यात वर्षभर ऐकू येते. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन्ही महामार्ग येथे एकमेकांना छेदतात आणि लांब पल्ल्याचे दुचाकीस्वार येथूनच सातपुड्याकडे किंवा अजिंठ्याकडे वळतात. यंत्रच खराब झाले, असे बहुतेकांनी आधीच ठरवलेले असते. प्रत्यक्षात बिघाड सहसा गाडीच्या बॅटरीपासून यंत्रापर्यंतच्या दोन-अडीच मीटरच्या वाटेत असतो, आणि यंत्र जोडून, सुरू ठेवून मोजल्याशिवाय तो सापडत नाही. मोबाइललाच नकाशासाठी हँडलवर बसवणाऱ्यांनाही पुढील बहुतेक तपासण्या जशाच्या तशा लागू पडतात.

लक्षणे

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण असे, की खडबडीत रस्त्यावर किंवा हँडल एका बाजूला पूर्ण वळवल्यावर बाहेरचा वीजपुरवठा खंडित झाल्याची सूचना पडद्यावर येते आणि यंत्र बंद होण्यासाठी उलटी मोजणी सुरू करते. गाडी सपाट रस्त्यावर आली की सूचना आपोआप नाहीशी होते. असे होत असेल तर कुठला तरी जोड सैल आहे किंवा वायर आतून तुटली आहे.

दुसरे लक्षण अधिक फसवे आहे. पडद्यावर चार्जिंगचे चिन्ह दिसते, सूचना काहीच येत नाही, पण टक्केवारी हळूहळू उतरत राहते. येथे वीज पोहोचते, मात्र पुरेशी पोहोचत नाही.

सेल्फ मारताच यंत्र बंद होऊन नव्याने सुरू होणे, दुपारच्या वेळी चार्जिंग थांबणे आणि सायंकाळी ते पुन्हा सुरू होणे, फ्यूज वारंवार उडणे, गाडी आठवडाभर उभी राहिली की सेल्फ न लागणे, चार्जर जोडल्यावर नकाशावरील आपले स्थान उड्या मारू लागणे आणि जोडताच पडद्यावर नकाशाऐवजी संगणकाचे चित्र येणे ही उरलेली लक्षणे होत. यांतील प्रत्येकाचे कारण निराळे असते. म्हणून बिघाड झाला ती वेळ, त्या वेळचा रस्ता, आणि त्याच क्षणी हॉर्न, ब्रेक किंवा इंडिकेटर वापरला होता का, एवढे टिपून ठेवावे. हॉर्न दाबताच यंत्र डळमळत असेल तर दोघांचा अर्थ (वीज बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत नेणारी जोडणी) किंवा पुरवठा एकाच ठिकाणाहून घेतलेला असण्याची शक्यता मोठी असते, आणि ही एक नोंद पुष्कळ शोधाशोध वाचवते.

प्रथम यंत्र आणि वायरिंग वेगळे करून पाहावे

पहिल्या तपासणीला एक पैसाही लागत नाही. यंत्र गाडीवरून काढून घरच्या चांगल्या चार्जरला, त्याच्याबरोबर आलेल्या मूळ केबलने, तासभर पडदा सुरू ठेवून जोडावे. टक्केवारी वाढली तर यंत्र ठीक आहे. त्यानंतर यंत्र पुन्हा गाडीवर बसवावे, पण वीज मात्र टँक बॅगेत ठेवलेल्या पॉवर बँकेकडून द्यावी आणि जेथे नेहमी बिघाड होतो त्याच प्रकारच्या रस्त्यावर चालवून पाहावे. पॉवर बँकेवर बिघाड नाहीसा झाला, तर दोष गाडीच्या वायरिंगमध्ये आहे; पॉवर बँकेवरही कायम राहिला, तर केबल, यंत्राचा सॉकेट किंवा क्रेडल (यंत्र ज्यात बसते तो हँडलवरचा साचा) यांकडे वळावे. ही चाचणी टाळून थेट सीट उघडून बसणाऱ्यांचा अर्धा दिवस बहुधा वाया जातो.

केबल बदलूनही पाहावी. बाजारात दिसायला सारख्या असणाऱ्या केबल आतून फार वेगळ्या असतात. गार्मिनच्या जुन्या, मिनी-यूएसबी सॉकेट असलेल्या यंत्रांना साधी डेटा केबल जोडली, तर यंत्र स्वतःला संगणकाशी जोडलेले समजते आणि नकाशा दाखवणे बंद करते. तेथे वायरिंगची कोणतीही दुरुस्ती उपयोगी पडणार नाही. त्या यंत्रासाठी बनवलेली पॉवर केबलच घ्यावी लागते. मोबाइलच्या बाबतीत चार्जरच्या दोन्ही डेटा तारा आत एकमेकींना जोडलेल्या नसतील, तर अनेक फोन समोर संगणक आहे असे धरून अर्धा ॲम्पियर एवढाच करंट घेतात, आणि पडदा पूर्ण उजेडावर असताना तेवढ्याने भागत नाही.

उन्हाचा दोष वायरिंगवर टाकू नये

मार्च ते जून या काळात खानदेशात तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आधी वेळ विचारतो. लिथियम-आयन बॅटरी साधारणपणे ० ते ४५ अंश सेल्सिअस या मर्यादेतच चार्ज करायची असते, आणि चांगली यंत्रे ही मर्यादा ओलांडली की स्वतःहून चार्जिंग थांबवतात. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात सावलीतले तापमानच ४५ अंशांच्या आसपास जाते. मग काळ्या आवरणाचे यंत्र थेट उन्हात, तापलेल्या टाकीच्या वर, पडदा पूर्ण प्रकाशमान ठेवून चालत असताना त्याच्या आतले तापमान किती असेल, याची कल्पना करता येईल. यंत्र सकाळी नऊपर्यंत व्यवस्थित चार्ज होते, बारानंतर थांबते आणि सूर्य कलल्यावर पुन्हा सुरू होते, असा क्रम असेल तर एकही वायर उघडू नये.

तपासणी सोपी आहे. पुढच्या थांब्यावर यंत्र काढून सावलीत, वाऱ्यावर ठेवावे आणि निवल्यानंतर पुन्हा जोडावे. चार्जिंग सुरू झाले तर उत्तर मिळाले. यंत्रावर लहान छज्जा बसवणे, पडद्याचा उजेड थोडा कमी करणे, आणि पावसाळ्यासाठी घेतलेली बंद प्लास्टिकची पिशवी उन्हाळ्यात न वापरणे एवढे उपाय पुरेसे ठरतात. त्या पिशवीत मोबाइल अक्षरशः भाजून निघतो. यंत्र गरम असताना त्याची पाठ फुगलेली किंवा पडदा कडेने उचललेला दिसला, तर मात्र ते लगेच बंद करून गाडीवरून उतरवावे. फुगलेली लिथियम बॅटरी दाबू, टोचू किंवा पुन्हा चार्ज करू नये, आणि ती बदलण्याचे काम घरी करू नये.

सॉकेट, क्रेडल आणि सिगारेट लायटरचा प्लग

आपल्याकडची काळ्या मातीची धूळ अतिशय बारीक असते आणि पहिल्या पावसानंतर तिचे सॉकेटमध्ये अक्षरशः लिंपण होते. यंत्राचा सॉकेट आणि क्रेडलवरील स्प्रिंगच्या पिना टॉर्चच्या उजेडात पाहाव्यात. पिना काळवंडल्या असतील तर आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसाव्यात, एखादी पिन दबून अडकली असेल तर ती लाकडी टोकाने हलवून मोकळी करावी; कानस किंवा पॉलिश पेपर वापरू नये, कारण पिनांवरचा मुलामा निघून गेला की गंज लवकर चढतो. धुलाई केंद्रातील जोरदार फवारा हँडलवरच्या सॉकेटवर कधीही थेट मारू देऊ नये.

सिगारेट लायटरच्या पद्धतीचा गोल सॉकेट मोटारीसाठी घडवलेला आहे. त्यातला प्लग टोकाच्या स्प्रिंगवर टेकून असतो आणि मोटरसायकलच्या कंपनांत तो क्षणाक्षणाला सुटतो. प्लग हाताने दाबून धरल्यावर बिघाड थांबत असेल तर निदान झाले. हा सॉकेट काढून थेट वायरने जोडलेला कन्व्हर्टर (१२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा) बसवावा, हे माझे स्पष्ट मत आहे. रबर बँड आणि टेप लावून तो टिकवण्याचे प्रयोग मी खूप पाहिले आहेत. कित्येक प्लगांच्या टोकाला फिरवून उघडणारी टोपी आणि आत लहान काचेचा फ्यूज असतो, हेही लक्षात ठेवावे, कारण गाडीचा फ्यूज शाबूत असताना हा आतला फ्यूज उडालेला असू शकतो.

फ्यूज

यंत्राच्या लाल वायरवर, बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज असलाच पाहिजे. फ्यूज यंत्राजवळ बसवून उपयोग नाही, कारण टाकीखाली किंवा सीटखाली वायर घासून फ्रेमला लागली तर बॅटरीपासून तिथपर्यंतचा भाग विनासंरक्षण राहतो आणि वायरच जळते.

किती ॲम्पियरचा फ्यूज घालावा, याचे गणित छोटे आहे. यंत्र ५ व्होल्टवर २ ॲम्पियर घेत असेल तर ते १० वॅट झाले. कन्व्हर्टरमध्ये होणारा क्षय धरून बॅटरीकडून सुमारे १२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर साधारण १ ॲम्पियर लागतो. म्हणून एकट्या यंत्रासाठी २ किंवा ३ ॲम्पियरचा फ्यूज योग्य ठरतो. फ्यूज उडाला तर त्याच क्षमतेचा दुसरा घालावा. दुसराही उडाला तर तिसरा तसाच घालू नये, आणि वाटेत अडचण आहे म्हणून १५ ॲम्पियरचा फ्यूज किंवा तांब्याची तार तर कधीच घालू नये. अशा वेळी यंत्र आणि कन्व्हर्टर सोडवून एक फ्यूज घालून पाहावा : तो टिकला तर दोष कन्व्हर्टरमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे, काहीही जोडलेले नसताना उडाला तर वायर कुठे तरी फ्रेमला लागलेली आहे. दुसऱ्या स्थितीत लाल वायर बॅटरीपासून सोडवावी, टोकाला टेप गुंडाळावी आणि पुढचा प्रवास पॉवर बँकेवर करावा.

फ्यूजइतकाच त्याचा होल्डरही तपासावा. काचेच्या फ्यूजचा होल्डर कंपनांनी सैल होतो. पाते असलेला ब्लेड फ्यूज आणि त्याचा झाकणाचा होल्डर मोटरसायकलवर अधिक टिकतो. होल्डरचे प्लास्टिक तपकिरी पडले असेल तर तेथे जोड सैल होऊन उष्णता निर्माण होत होती, आणि त्याची पातीही बदलणे आवश्यक आहे.

बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थ

येथपासून पुढे मल्टिमीटर लागेल. तो काही शे रुपयांत मिळतो आणि बिघडलेले यंत्र म्हणून टाकून दिलेल्या यंत्रांच्या किमतीपुढे तो काहीच नाही.

बॅटरीला हात लावण्यापूर्वी क्रम पाळावा : सोडवताना काळी वायर आधी आणि लाल नंतर, जोडताना लाल आधी आणि काळी शेवटी. काळी जोडलेली असताना लाल टर्मिनलवरचा पाना फ्रेमला टेकला तर ठिणग्या उडतात आणि पाना चिकटून बसतो. मोटरसायकलच्या लहान बॅटरीत टर्मिनलच्या खाचेत सुटा चौकोनी नट असतो. त्यावर गाडीची मूळ केबल, फॉग लॅम्पची थिंबल (वायरच्या टोकाचे धातूचे कडे), हॉर्नच्या रिलेची थिंबल आणि सर्वांत वर जीपीएसची थिंबल अशी चळत रचली, की बोल्टचे मोजकेच आटे नटात उतरतात आणि पुढच्या शंभर किलोमीटरमध्ये बोल्ट ढिला होतो. मूळ जाड केबल नेहमी तळाशी, टर्मिनलला थेट टेकलेली असावी. जोडणी तीनपेक्षा जास्त झाल्या तर वेगळा फ्यूज बॉक्स घ्यावा.

अर्थ हा खरा दुर्लक्षित भाग. लाल वायर नीट जोडली की काम झाले, असे मानून काळी वायर जवळच्या कोणत्याही बोल्टखाली दाबली जाते, आणि तो बोल्ट बहुधा पावडर कोटिंगच्या जाड थरावर घट्ट केलेला असतो. पहिले काही महिने आट्यांमधून वीज वाहते, पावसाळा गेला की आटे गंजतात आणि यंत्र डळमळू लागते.

येथे भार देऊन मोजण्याचे महत्त्व कळते. ठिबकच्या नळीचे सर्व व्हॉल्व्ह बंद असताना शेवटच्या टोकालाही पूर्ण दाब दिसतो आणि पाणी सोडल्यावरच वाटेतला कचरा उघडकीला येतो, तसे गंजलेल्या जोडातून यंत्र न जोडता मोजले तर मीटर निमूटपणे चांगल्या बॅटरीचे पूर्ण १२.६ व्होल्ट दाखवतो. म्हणून यंत्र जोडून, पडदा पूर्ण उजेडावर ठेवून, मीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि लाल तार कन्व्हर्टरच्या काळ्या वायरच्या टोकाला टेकवावी. वाचन ०.१ व्होल्टपेक्षा कमी आले तर अर्थ चांगला आहे. अर्धा किंवा एक व्होल्ट दिसला तर तेवढी वीज वाटेतल्या जोडांत खर्च होत आहे. हीच चाचणी लाल बाजूला, बॅटरीच्या धन टर्मिनलपासून कन्व्हर्टरच्या लाल वायरपर्यंत करावी; त्यात फ्यूज होल्डर, स्विच आणि रिले या सर्वांचा क्षय एकदम मोजला जातो. मीटर तसाच धरून दुसऱ्या हाताने वायर आणि जोड हलवत जावे. ज्या ठिकाणी हात लागताच आकडा उसळतो, तेथे बिघाड आहे. काळी वायर शक्यतो थेट बॅटरीच्या ऋण टर्मिनलपर्यंत न्यावी, म्हणजे फ्रेमचा प्रश्नच उरत नाही.

हँडलच्या मानेजवळ तुटलेली वायर

हँडल वळवल्यावरच पुरवठा तुटत असेल तर स्टीअरिंगच्या मानेजवळचा भाग तपासावा. तेथे वायरचे वरचे आवरण शाबूत दिसते, पण आतल्या तांब्याच्या बारीक तारा एक-एक करून तुटलेल्या असतात. इंजिन बंद, चावी चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश न्यावे आणि यंत्राकडे पाहावे; मग संशयित वायर दोन बोटांत धरून थोडी थोडी ओढून पाहावी. तुटलेल्या ठिकाणी वायर रबरासारखी लांबते.

दुरुस्ती करताना जोड मानेच्या वाकणाऱ्या भागात येऊ देऊ नये. डाग दिलेला (सोल्डर केलेला) जोड टणक होतो आणि डाग जेथे संपतो नेमक्या त्याच ठिकाणी कंपनांनी वायर पुन्हा तुटते. योग्य पक्कडीने पंच केलेला जोड, त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह, आणि हँडल पूर्ण वळले तरी ताण येणार नाही एवढा वायरचा सैल वेटोळा, हे तिन्ही हवेत. केबल टाय फार आवळू नये. दोन वायर पिळून वर इन्सुलेशन टेप गुंडाळणे हा प्रकार तर खानदेशच्या उन्हात एक हंगामही टिकत नाही : गोंद वितळून टेप सरकते आणि उघडी तांब्याची तार राहते. जोडाकडे येणारी वायर खालून वर येईल अशी वळवावी, म्हणजे तोरणमाळच्या किंवा चांदसैलीच्या घाटात पावसात सापडलात तरी पाणी वायरवरून ओघळून जोडात शिरणार नाही.

पाच व्होल्टची बाजू

चिन्ह चार्जिंगचे आणि टक्केवारी उतरती, या लक्षणाचे मूळ बहुतेक वेळा येथे सापडते. कन्व्हर्टर सीटखाली बसवून तेथून लांब यूएसबी केबल हँडलपर्यंत नेण्याची पद्धत सोयीची वाटते, पण ती चुकीची आहे. स्वस्त केबलमधील वीज वाहणारी तार २८ गेजची, म्हणजे अतिशय बारीक असेल तर तिचा रोध मीटरमागे सुमारे ०.२१ ओहम असतो. १ मीटर केबलमध्ये जाण्याची आणि येण्याची अशा दोन तारा धरल्या तर ०.४२ ओहम होतो, आणि २ ॲम्पियरला त्यात ०.८ व्होल्टपेक्षा अधिक खर्च होतो. कन्व्हर्टरने ५ व्होल्ट दिले तरी यंत्राला जेमतेम ४.२ मिळतात. याउलट १ चौरस मिलिमीटरची वायर २ मीटर जाऊन २ मीटर परत आली तरी १ ॲम्पियरला सुमारे ०.०७ व्होल्टच जातो, आणि १२ व्होल्टमधून तेवढा गेला तर काही बिघडत नाही. म्हणून १२ व्होल्ट हँडलपर्यंत न्यावेत, कन्व्हर्टर हेडलाइटच्या मागे किंवा हँडलवर बसवावा आणि त्यापुढची केबल एक वीत, फार तर दोन वीत ठेवावी.

मोजण्यासाठी यूएसबी मीटर नावाचे छोटे यंत्र मिळते. ते केबल आणि यंत्र यांच्या मध्ये लावले की व्होल्ट आणि ॲम्पियर एकाच वेळी दिसतात. इंजिन चालू असताना, यंत्र पूर्ण भारावर, आकडा ४.७५ च्या वर राहावा. कन्व्हर्टरच्या तोंडाशी ५.१ आणि केबलच्या टोकाला ४.५ असेल तर केबल बदलावी. कन्व्हर्टरच्या तोंडाशीच ४.६ असेल आणि त्याला येणारे १२ व्होल्ट ठीक असतील तर कन्व्हर्टर बदलावा. आवरणावर छापलेला ॲम्पियरचा आकडा स्वस्त कन्व्हर्टर तापल्यावर देऊ शकतीलच असे नाही; म्हणून ते इंजिनच्या किंवा रेडिएटरच्या गरम हवेत बसवू नयेत.

चार्जर जोडल्यावर स्थान उड्या मारत असेल तर त्याचेही कारण बहुधा हाच कन्व्हर्टर असतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत आणि त्यांचा १५७५.४२ मेगाहर्ट्झचा संदेश जमिनीवर अत्यंत क्षीण पोहोचतो. कन्व्हर्टर आतून सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतो आणि त्याचे आवरण व गाळणी निकृष्ट असतील तर त्यातून निघणारा गोंगाट या संदेशाला झाकून टाकतो. उपग्रहांचे पान उघडून मोकळ्या आकाशाखाली उभे राहावे आणि चार्जर काढून-लावून पाहावा. काढताच सिग्नलच्या पट्ट्या उंचावल्या तर कन्व्हर्टर यंत्रापासून दूर सरकवावा, केबलवर गोंगाट अडवणारी फेराइटची कडी बसवावी, किंवा तो बदलावा. स्वस्त एलईडी फॉग लॅम्पांमुळेही हेच घडते, म्हणून ते बंद-चालू करूनही पाहावे.

वीज कोठून घेतली आहे

सेल्फ मारताच यंत्र नव्याने सुरू होत असेल तर पुरवठ्याचा उगम पाहावा. अनेक गाड्यांत सेल्फचे बटण दाबल्यावर बॅटरीवरचा भार कमी करण्यासाठी हेडलाइट क्षणभर तोडला जातो. जीपीएसची वायर हेडलाइटवरून घेतली असेल तर ते यंत्रही त्या क्षणी बंद पडते. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींवर इंजिन चालू असताना हेडलाइट आपोआप पेटता ठेवणे बंधनकारक झाल्यापासून हेडलाइटची वायर हाताशी सोपी वाटते, आणि त्यामुळे ही चूक वाढली आहे.

योग्य मार्ग रिलेचा, म्हणजे छोट्या विजेने मोठा पुरवठा चालू-बंद करणाऱ्या स्विचचा आहे. बॅटरीच्या धन टर्मिनलपासून फ्यूजमधून येणारी वायर ३० क्रमांकाच्या पिनवर, यंत्राकडे जाणारी ८७ वर, ८५ अर्थला, आणि ८६ चावी चालू केल्यावर वीज येणाऱ्या टेल लॅम्पसारख्या साध्या वायरला जोडावी. चावी केवळ रिलेची कॉइल चालवते, यंत्राची वीज सरळ बॅटरीकडून येते. पाच पिनांचा रिले घेतला असेल तर मधली ८७ए ही पिन वापरलेली नाही ना, हे पाहावे. ती चावी बंद असताना चालू असते, आणि यंत्र नेमके उलटे वागू लागते. काही टुरिंग गाड्यांत कंपनीनेच ॲक्सेसरीसाठी बंद जोड दिलेला असतो. तो असेल तर आधी तोच वापरावा.

बॅटरी, चार्जिंग आणि रात्रीची गळती

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल तर बॅटरी म्हातारी झाली आहे, आणि मग रिले कितीही व्यवस्थित असला तरी कन्व्हर्टर क्षणभर बंद पडू शकतो. यंत्राची आतली बॅटरी निरोगी असेल तर असा क्षण ती सांभाळून नेते. काही वर्षे वापरलेल्या यंत्राची आतली बॅटरी निकामी झाली असेल तर प्रत्येक सेल्फला ते नव्याने सुरू होईल. इंजिन साधारण ४,००० आरपीएमवर असताना बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळावेत.

आठवडाभराने सेल्फ न लागण्याची तक्रार असेल तर चावी बंद ठेवून गळती मोजावी. बॅटरीची काळी केबल सोडवून तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर ॲम्पियरच्या मोठ्या पट्टीवर लावावा, आणि मीटर तसा लावलेला असताना चावी किंवा सेल्फला हात लावू नये, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. सतत जोडलेला कन्व्हर्टर आणि त्यात राहिलेले यंत्र मिळून ५० मिलिॲम्पियर घेत असतील, तर ८ ॲम्पियर-तासांची बॅटरी हिशेबाने १६० तासांत, म्हणजे सातव्या दिवशी, पूर्ण रिकामी होते. सेल्फ मारण्याइतकी ताकद त्याच्या पुष्कळ आधी गेलेली असते. जीपीएसची जोडणी काढल्यावर आकडा दोन-चार मिलिॲम्पियरवर आला तर ती चावीवर चालणाऱ्या रिलेतून घ्यावी.

कोठे थांबावे

बॅटरीवर १५ व्होल्टपेक्षा जास्त किंवा आरपीएम वाढवूनही १३ पेक्षा कमी मिळत असतील तर रेग्युलेटर-रेक्टिफायर किंवा स्टेटर या बॅटरी चार्ज करणाऱ्या भागांचे काम आहे, ते घरी करू नये. १५ च्या वरचा पुरवठा बॅटरीबरोबर ईसीयूलाही (इंजिनचे नियंत्रण करणाऱ्या संगणकालाही) घातक ठरतो, म्हणून गाडी चालवत राहू नये. काहीही न जोडता फ्यूज उडत असेल, वायर हाताला गरम लागत असेल, जळका वास येत असेल, किंवा यंत्र जोडल्यापासून डॅशवर इंजिनचा अथवा एबीएसचा दिवा लागू लागला असेल, तर त्याच ठिकाणी थांबावे. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत सेन्सर, फ्युएल पंप, एबीएस आणि ईसीयू यांच्या वायरांवर टेस्ट लॅम्प लावणे किंवा त्यांतून वीज घेणे कोणत्याही परिस्थितीत टाळावे, आणि गाडी वॉरंटीत असेल तर मूळ हार्नेस (गाडीच्या वायरांचा जुडगा) कापण्यापूर्वी सर्व्हिस सेंटरला विचारावे.

ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाताना चार आकडे कागदावर लिहून न्यावेत : रात्रभरानंतरचे व्होल्ट, इंजिन चालू असतानाचे व्होल्ट, भारासह काळ्या बाजूचा क्षय आणि लाल बाजूचा क्षय. यंत्र, क्रेडल आणि केबल गाडीवरच राहू द्यावीत, कारण त्यांच्या भाराशिवाय त्यालाही १२.६ च दिसेल. फ्यूज मात्र काढून खिशात ठेवावा आणि त्याच्यासमोरच बसवावा.